मोठ्या सिस्टरांना बोलवा

हाडांच्या वॉर्डात तिला सगळे बारकी म्हणत. नाव तिला होतं, छातीवरच्या बिल्ल्यावर ते लिहिलेलंही होतं. पण बिल्ला वाचण्याआधी माणसं चेहरा वाचत, आणि चेहरा सांगत होता, एकोणीस. फार तर वीस. बारकीला सदतिसावं लागलं होतं.

अंगानं किडकिडीत, गाल अजून भरलेले, आवाज पातळ. कपाळावर एक आठी पडायची, तीसुद्धा अभ्यास न झालेल्या मुलीसारखी दिसे. सुई घेऊन ती पलंगाशी गेली की पेशंट आधी तिच्या मागे बघायचा. कुणीतरी मोठं माणूस येत असेल, असं त्याला वाटायचं. मागे कुणी नाही म्हटल्यावर त्याचा हात हळूच चादरीखाली जायचा.

"बाळ, तू शिकतेयस ना अजून?"

"नाही काका. नोकरी करते."

"किती वर्षं झाली?"

"चौदा."

"म्हणजे पाचव्या वर्षी लागलीस की काय?" आणि शेजारचे पलंग हसायचे.

हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला, असं प्रत्येकाला वाटे. बारकीही सुरुवातीला हसायची. मग नुसते ओठ ताणायची. हल्ली तेवढंही जमत नव्हतं. हसलं तर आपण आणखी लहान दिसतो आणि चिडलं तर हट्टी पोर दिसतो, हे तिला कळून चुकलं होतं. तिनं केस घट्ट अंबाड्यात बांधून पाहिले. नंबर नसलेला काळ्या जाड काड्यांचा चष्मा घेतला, त्यावर एक आजी म्हणाली, "अगं बाई, एवढ्या लहान वयात डोळे गेले!" आवाज खाली आणून बोलायला लागली, तर वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशींनी काळजीनं विचारलं, "घसा बसला का गं?"

आणि या सगळ्याची तक्रार कुणाकडे करायची सोय नव्हती. जिच्यापुढे बोलावं ती म्हणायची, "नशीब लागतं बाई!" नणंद तर हात धरून विचारायची, "खरं सांग, चेहऱ्याला काय लावतेस?" काही लावत नाही म्हटलं की तिला वाटायचं, वहिनी सांगत नाहीये. एकदा चपलांच्या दुकानात दुकानदारानं तिला आणि तिच्या लेकीला बहिणी ठरवलं. लेक तेरा वर्षांची, आईच्या डोक्याला डोकं लागलेली. बाहेर आल्यावर ती फणकारली, "आई, तू जरा आईसारखी दिस ना!"

नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. तो समजूतदार होता, पण त्याच्या समजुतीची गाडी एकाच रस्त्यानं जाई.

"अगं, म्हणू दे ना. त्यांचं काय जातंय?"

"त्यांचं काहीच जात नाही. माझं जातं. तू बसखाली शिरलास आणि ड्रायव्हर म्हणाला, बाळा, बाहेर ये, कुणीतरी मोठं बोलाव, तर?"

तो विचारात पडला. "मला कुणी बाळा म्हणणार नाही," टकलावरून हात फिरवत तो म्हणाला. ते तर खरंच होतं.

त्या वर्षी हे दुखणं जास्त ठसठसायला लागलं, कारण वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या खालोखाल जुनी होती ती बारकीच. कुठल्या डॉक्टरला ड्रेसिंगची कात्री कुठल्या बाजूला लागते, कुठल्या खाटेचं चाक अडतं, कुठला पेशंट दुखत असूनही दुखत नाही म्हणतो, हे सगळं तिच्या बोटांवर होतं. ती जागा तिला हवी होती. पगार थोडा वाढला असता. पण खरं कारण तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. इनचार्जच्या खुर्चीवर बसलं की ती खुर्चीच सगळ्यांना सांगेल, मी कोण आहे ते. मला सांगावं लागणार नाही.

मेट्रननी तिला बोलावून घेतलं आणि आधी चहा पाजला. चहा पाजतात तेव्हा पुढे कडू काहीतरी असतं.

"तुझ्या कामात बोट ठेवायला जागा नाही," मेट्रन म्हणाल्या. "पण इनचार्ज म्हणजे नुसतं काम नाही गं. नातेवाईक दहा आवाजात बोलत येतात. समोर बाई उभी राहिली की ते गप्प बसले पाहिजेत. तुला बघून ते गप्प बसतात का?"

"मॅडम, चेहरा मी घरून आणलाय. बदलून कुठून आणू?"

"ते मी कुठं म्हणतेय? इनचार्ज सिस्टर निवृत्तीआधीच्या रजेवर जातायत. पुढचे काही महिने वॉर्ड तू सांभाळून दाखव. तक्रार येता कामा नये. मग बघू."

त्याच आठवड्यात वॉर्डात नवी नर्स रुजू झाली. अंगानं धिप्पाड, चाल संथ, आणि केस निम्म्याहून जास्त पांढरे. शाळेत असल्यापासूनच पिकलेले, त्यांच्या घराण्यातच होतं ते. वय चोवीस. परीक्षेचा निकाल लागून वर्षही झालं नव्हतं. पहिल्याच दिवशी ती बारकीच्या मागे औषधांची ट्रॉली ढकलत आली आणि खाटेवरचा पेशंट बारकीच्या डोक्यावरून तिला म्हणाला, "नमस्कार मोठ्या सिस्टर. या पोरीला शिकवताय वाटतं?"

बिचारी घाबरून म्हणाली, "ताई, हे काय म्हणतायत?"

पांढऱ्या केसांची बाई त्या मुलीला ताई म्हणते म्हटल्यावर सगळा वॉर्ड खदखदून हसला. तेव्हापासून ती मोठी झाली. बारकी आणि मोठी.

पुढचं कुणी ठरवून केलं नाही. एका म्हाताऱ्यानं बारकीला हात लावू दिला नाही, तेव्हा मोठी नुसती उशाशी येऊन उभी राहिली. म्हातारा निवला. मोठीनं त्याच्याशी शेतीवाडीच्या, नातवंडांच्या गप्पा मारल्या आणि तेवढ्यात बारकीनं शीर धरून सुई सरकवलीही. "वा, मोठ्या सिस्टर, कळलंसुद्धा नाही!" म्हातारा म्हणाला. दोघी एकमेकींकडे बघत पुढच्या खाटेकडे गेल्या.

मग ती सवयच झाली. तोंड मोठीचं, हात बारकीचा. नातेवाईक तावातावानं आले की बारकी मोठीच्या कानात दोन वाक्यं सांगे, मोठी ती संथ आवाजात त्यांना सांगे, आणि ते माना डोलावून निघून जात. एकही तक्रार मेट्रनपर्यंत गेली नाही. बारकीला पहिल्यांदा कामावरून घरी जाताना खांदे हलके वाटले. आत कुठेतरी खुपायचं. बाहुल्यांच्या खेळात पडद्यामागे उभं राहून बोलणाऱ्यासारखं आपलं झालंय, असं मनात यायचं. पण थकलेल्या माणसाला सोय म्हणजे सावली. ती सावलीत बसली.

डबा खाताना एकदा मोठी म्हणाली, "ताई, तुम्हाला निदान पोरगी तरी म्हणतात. मला काल एका बाईनं विचारलं, सुना चांगल्या आहेत का? माझं अजून लग्न ठरत नाहीये, आणि ही सुनांचं विचारते!"

बारकीला हसू फुटलं, मग वाईट वाटलं. "मग काय म्हणालीस?"

"म्हणाले, बऱ्या आहेत. काय करू! नाही म्हटलं की सगळं सांगत बसावं लागतं. आणि खरं सांगू? मोठ्या सिस्टर म्हटलं की मला बरं वाटतं. तेवढ्यापुरतं सगळं येतंय असं वाटतं."

हे वाक्य बारकीनं त्या दिवशी ऐकलं आणि डब्याच्या झाकणाबरोबर बंद करून टाकलं.

खिडकीजवळच्या खाटेवर एक रंगारी आला. घरांना रंग देताना शिडीवरून पडला होता, नडगीचं हाड मोडलं होतं. सूज उतरली की ऑपरेशन करायचं, तोपर्यंत पाय अर्ध्या प्लास्टरमध्ये ठेवून वरून पट्ट्या बांधलेल्या. पन्नाशीचा, बोलघेवडा. नखांत अजून पिवळा रंग. बारकी दिसली की तो आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडायचा, "काय गं, शाळा सुटली का?"

सकाळी शाळा भरली का, दुपारी सुटली का, औषध द्यायला उशीर झाला की, "बाईंनी बाकावर उभं केलं होतं वाटतं!" त्याच्या मनात कपट नव्हतं, हेच अवघड होतं. कपटी माणसावर निदान चिडता येतं. बाकीचे पेशंट त्याच्या विनोदाची वाट बघायचे आणि बारकीला ट्रॉली घेऊन त्या हसण्यातून असं जावं लागे, जसं अंगणात कुणीतरी पाणी उडवत असताना मधून जावं.

या वॉर्डाची एक रीत होती. मोडलेल्या पायाच्या माणसाशी बोलताना नर्सचा हात त्याच्या पायाच्या बोटांवर असायचा. बोटं गरम आहेत का, हलतात का, लावलेला हात कळतो का. पट्टीच्या आत काय चाललंय ते बोटंच सांगतात. बारकीचा हात तर आपोआपच तिकडे जाई; घरी लेक झोपलेली असली तरी पांघरूण सारखं करताना ती तिची बोटं चाचपून पाही.

त्या दिवशी दुपारी ती रंगाऱ्याच्या खाटेशी आली. "काका, कसं वाटतंय?"

तो जरा ओढलेल्या चेहऱ्यानं पडला होता. पण भेटायला आलेली माणसं आसपास होती, त्यांच्यापुढे तो मागे कसा हटेल? "शाळा सुटली का गं?" म्हणाला. "अहो, ही बघा आमची डॉक्टरीण. हिला भातुकलीतली सुई द्या कुणीतरी!"

पाहुणे हसले. त्यांतल्या एकानं तिला वरपासून खालपर्यंत पाहत विचारलं, "खरंच, वय काय हो हिचं?" तिला नव्हे, शेजारच्याला. जशी ती तिथं नव्हतीच.

बारकीच्या कानांत रक्त चढलं. ती वळली आणि निघून गेली. हात बोटांपर्यंत गेलाच नाही.

पाहुणे गेल्यावर रंगाऱ्यानं मोठीला हाक मारली. दुखणं वाढलंय, इंजेक्शन देऊनही थांबत नाही, मुंग्या येतायत. हे त्यानं बारकीला सांगितलं नव्हतं; असं खरंखुरं दुखणं मोठ्या माणसाला सांगायचं असतं. मोठीनं पाय पाहिला. सुजलेला दिसला. सूज आली की पाय उंच ठेवायचा, हे तिला पाठ होतं. तिनं आणखी एक उशी पायाखाली सरकवली, गुडघ्यावर हात ठेवला आणि संथ आवाजात म्हणाली, "सूज आहे हो काका, उतरेल. पाय खाली घेऊ नका." मग शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, "काकू, उशी काढू नका हं." आणि पुढच्या खाटेकडे गेली. सांगताना तिला स्वतःला धीर वाटला, इतकं ते शहाण्यासारखं ऐकू आलं.

थोड्या वेळानं बारकी हातात ड्रेसिंगचा ट्रे घेऊन त्या रांगेतून गेली. खिडकीजवळ आल्यावर तिनं नेहमीसारखे दात आवळले. आता ओरडेल. आता.

काहीच आलं नाही.

ती पुढे चार पावलं गेली आणि थबकली. चिमटा काढणारं माणूस चिमटा काढत नाही म्हणजे त्याच्या हातालाच काहीतरी झालंय. ती मागे फिरली. रंगारी भिंतीकडे तोंड करून पडला होता, कपाळावर घाम, खाटेची कड मुठीत धरलेली. पायाखाली दोन उशा. तिनं ट्रे खाली ठेवला आणि बोटांना हात लावला. थंडगार. अंगठा जरासाच वर ओढला तर माणूस असा किंचाळला की समोरच्या रांगेतले लोक उठून बसले.

पायाच्या आतला दाब वाढत होता. पट्ट्या बाहेरून आवळत होत्या, आणि उंचावर ठेवलेल्या पायाला रक्त अजूनच कमी पोचत होतं. असं पाहिलेलं होतं तिनं. उशीर झालेला एक पायही पाहिला होता.

"उशी कुणी लावली?"

"मोठ्या सिस्टरांनी," रंगाऱ्याची बायको म्हणाली.

बारकीनं वॉर्डबॉयला ओरडून ऑपरेशन थिएटरला फोन लावायला सांगितलं, दोन्ही उशा ओढून काढल्या आणि पट्टीचं टोक शोधायला लागली. तेवढ्यात बायकोनं तिचं मनगट धरलं.

"ए पोरी, हात लावू नकोस! उशी काढायची नाही म्हणाल्यात त्या. मोडलेलं हाड आहे, हलवलंस म्हणजे? मोठ्या सिस्टरांना बोलवा!"

"काकू, सोडा. वेळ नाहीये."

"मोठ्या सिस्टरांना बोलवा आधी!" आता शेजारच्या खाटेवरूनही आवाज आला. "अहो, बोलवा ना त्यांना. ही लेकरू आहे."

मोठी धावत आली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. आणि बारकी सवयीनं, अगदी सवयीनं, तिच्या कानाशी गेली. "पट्टी सोडायची आहे, आत दाब वाढलाय. सांग त्यांना."

मोठीनं तोंड उघडलं. तिनं काढलेल्या उशा पाहिल्या, पायाची बोटं पाहिली. आणि त्या भारदस्त चेहऱ्यावर एकदम चोवीस वर्षं दिसायला लागली. "मी... ताई, उशी मीच..." ती दोन पावलं मागे सरली.

पडद्यामागून बोलायची सोय संपली होती. बारकीनं चष्मा काढून ट्रेमध्ये टाकला. घामानं तो घसरत होता एवढंच. आवाज खाली आणायचं तिला सुचलंही नाही. होता तसा पातळ, चिरका आवाज बाहेर पडला.

"या वॉर्डातली सगळ्यात जुनी नर्स मी आहे. ही नवी आहे, आणि तिचं चुकलंय. माझंही चुकलंय. पट्टी आता सोडली नाही तर पाय जाईल. पाय गेला तर हे शिडीवर चढणार कसे? सोडा माझा हात."

बायकोनं सोडला नाही. ती मोठीकडेच बघत राहिली. बोलला तो रंगारी, दातांतून. "सोड गं तिला. कुणीही करा, पण करा काहीतरी."

विश्वास बसला म्हणून नव्हे, दुखणं सोसवेना म्हणून. बारकीला तेही चाललं. फोनवरून डॉक्टरांचा निरोप आला, सगळं सोडा, मी येतोय. तोवर तिच्या बोटांनी निम्म्या पट्ट्या उलगडल्या होत्या. प्लास्टर तिनं दोन्ही बाजूंनी मोकळं केलं, पाय अंगाच्या पातळीत ठेवला आणि आपल्या तळहातांत धरून राहिली. समोर मोठी रडत रडत कापसाच्या पट्ट्या गोळा करत होती.

थिएटरमध्ये कातडी आणि आतलं आवरण चिरून दाब मोकळा केला गेला. पाय वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. रंगाऱ्याच्या बायकोनं ते ऐकलं, डोळे पुसले, उठली, आणि मोठीचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुम्ही होतात म्हणून हो, मोठ्या सिस्टर."

"मी नाही काकू, ताईंनी..." मोठी सांगायला लागली, पण बाई ऐकत नव्हती. पांढऱ्या केसांची माणसं नम्र असतात, एवढंच तिला त्यातून कळलं. बारकी तिथंच शेजारी हातातला मळलेला कापूस घेऊन उभी होती. बाईनं तिच्याकडे बघितलं आणि मोठ्या मनानं म्हणाली, "हिनंही बरीच मदत केली."

मेट्रननी विचारलं तेव्हा बारकीनं काही झाकलं नाही. उशीचं सांगितलं, बोटं न बघता आपण वळलो तेही सांगितलं, आणि तोंड एकीचं, हात दुसरीचा हा कारभारही. मोठीला मात्र तिनं पाठीशी घातलं. "ती मोठी नव्हती मॅडम. मी तिला मोठी केली. मला सोपं जात होतं म्हणून."

मेट्रननी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तक्रार येऊ नये म्हणाला होतात. येत नव्हती."

या वेळी चहा आला नाही. इनचार्जची जागा शेवटी दुसऱ्या वॉर्डातल्या एका सिस्टरला मिळाली. वयानं बारकीपेक्षा लहान, पण आवाज घोगरा आणि भुवया जाड. नवऱ्याला सांगताना बारकीनं तव्यावरचं झाकण इतकं आपटलं की लेक आतून धावत आली.

"आई, काय झालं?"

"काही नाही. मी दिसायला लहान आहे."

लेकीनं झाकण उचलून तव्यावर नीट ठेवलं. मग म्हणाली, "रागावलीस की मुळीच लहान दिसत नाहीस." नवरा तोंड फिरवून हसला, आणि बारकीचा राग तव्यावरच राहिला, धड शिजलाही नाही, धड उतरलाही नाही.

आता ती खाटांशी पुढे जाते. मोठी मागे. मोठीला कुणी काही विचारलं की ती म्हणते, "मी नवी आहे, ताईंना विचारा," आणि पेशंट गोंधळून आधी ताई शोधतात, मग सापडलेली ताई बघून निराश होतात. रोज नव्यानं. सुई टोचायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. "बाळ, मोठं कुणी नाही का?" "मोठी मीच. दुखतंय कुठं ते सांगा. वय नंतर विचारा." हे बोलताना तिचा आवाज अजूनही चिरकतो.

रंगाऱ्याला वॉर्डात परत आणल्यावर बरेच दिवस तो मुका होता. बायकोनं त्याला काय सांगितलं असेल ते तिलाच ठाऊक. त्यानं बारकीचे आभार मानले नाहीत, माफीही मागितली नाही. ती येई, बोटं बघे, जाई. मग एका सकाळी ती ट्रॉली ढकलत रांगेच्या टोकाला आली आणि खिडकीजवळून बसक्या आवाजात आलं,

"काय गं, शाळा भरली का?"

चार-पाच पलंग हसले. बारकीच्या कानांत तेच जुनं रक्त चढलं, जराही कमी नाही. ट्रॉली तिथंच सोडून ती तावातावानं त्याच्या खाटेशी गेली आणि त्याच्या पायाच्या बोटांवर हात ठेवला.

गरम होती. अंगठा तिनं वर ओढला. या वेळी तो किंचाळला नाही, नुसताच बघत राहिला.

"भरली," ती म्हणाली. "हलवा बोटं."